पोलिसी दप्तर आणि सूचिकाराचा धर्म

पाठचिकित्सेचा एक जुना नियम आहे : संहितेतील शब्द संपादकाला कितीही अशुद्ध वाटला तरी तो पुसावयाचा नाही; दुरुस्ती तळटीपेत द्यावयाची. हा नियम हस्तलिखिताऐवजी माणसांच्या हत्येच्या नोंदींना लावावा लागतो, तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशाच्या राष्ट्रीय पोलिसांचे दप्तर हे अशा कसोटीचे ठळक उदाहरण होय. कर्स्टन वेल्ड यांच्या ‘पेपर कॅडॅव्हर्स’ (२०१४) या ग्रंथात त्या दप्तराच्या उद्धाराचा साक्षेपी इतिहास आलेला आहे.

१९५४ च्या उठावानंतर १९८६ पर्यंत त्या देशात बहुतांश काळ लष्कराचीच सत्ता होती. १९६० ते १९९६ या यादवीच्या काळात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली, असा अंदाज सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदविला. आयोगाला पोलिसांची कागदपत्रे मिळाली नव्हती. ती जुलै २००५ मध्ये राजधानीतील पोलिसांच्याच आवारात अकस्मात सापडली : सुमारे आठ कोटी पृष्ठे, ओलीने कुजलेली, ढिगांनी पडलेली. प्रारंभी मानवाधिकार-संस्थांकडून आलेले स्वयंसेवक त्यांवर काम करू लागले; वेतनावर काम करणारा वर्ग पुढे उभा राहिला. स्वतः वेल्ड यांनीही तेथे काही काळ काम केले.

या स्वयंसेवकांपैकी अनेकांना प्रथम हवी होती ती नावे. नाहीशा झालेल्या माणसाचा कागद दिसला की तो वेगळा काढावा, ही त्यांची स्वाभाविक ओढ होती. दप्तरशास्त्रज्ञांचा आग्रह याच्या उलट होता : ज्या कचेरीने कागद निर्माण केला तिच्याच क्रमात तो राहिला पाहिजे. वरवर पाहता हा आग्रह कोरडा वाटतो. वस्तुतः वाक्यातून उचललेल्या पदाचा कर्ता जसा हरवतो, तसाच क्रमातून उचललेल्या कागदाचाही हरवतो. आज्ञा कोणी दिली, ती कोणाकडे गेली, अहवाल कोणी वाचला, हे एकट्या कागदावरून नव्हे, तर कागदांच्या परस्परसंबंधावरून कळते.

एद्गार फेर्नांदो गार्सिया हा विद्यार्थी व कामगार चळवळींतील कार्यकर्ता १८ फेब्रुवारी १९८४ रोजी नाहीसा झाला. त्याच दिवशी, त्याच भागात केलेल्या कामगिरीबद्दल चार पोलिसांची सन्मानासाठी केलेली शिफारस या दप्तरात मिळाली. ऑक्टोबर २०१० मध्ये दोन माजी पोलिसांना, आणि २०१३ मध्ये तत्कालीन पोलीसप्रमुखाला, प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली. गार्सियाच्या नावाचाच शोध घेणाऱ्याचे लक्ष सन्मानांच्या कागदांकडे गेलेच असते, असे नाही.

वेल्ड यांचे मुख्य प्रतिपादन असे की, एकाच दप्तरामागे दोन तर्क संभवतात : एक पाळतीचा व दमनाचा, दुसरा स्मृतीचा व न्यायाचा. हे प्रतिपादन मार्मिक आहे, आणि कागद चाळणाऱ्या माणसांचे मन त्यांनी विशेष समजुतीने उलगडले आहे. तथापि सूचीच्या भाषेचा विचार ग्रंथात व्हावा तितका झालेला नाही. पोलिसांच्या लेखी विरोधक म्हणजे ‘विध्वंसक’; ओळख न पटलेले प्रेत म्हणजे ‘एक्स एक्स’. सूचिकाराने हे शब्द जसेच्या तसे उचलले, तर मृताची बदनामी सूचीत कायम होते. ते बदलले, तर राज्यसंस्थेने माणसाला कोणत्या नावाने मारले याचाच पुरावा नष्ट होतो.

या पेचातून पाठचिकित्सेचा नियमच वाट दाखवितो. दप्तराचा शब्द अवतरणचिन्हांत राहावा. वर्णन सूचिकाराच्या स्वतःच्या, समतोल भाषेत असावे. आणि पुढे पटलेली ओळख ‘एक्स एक्स’च्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी नोंदवावी. दोन आवाज एकमेकांत मिसळू न देणे, हाच सूचिकाराचा धर्म होय.

मात्र क्रमाचा आग्रह धरणाऱ्याने नावे शोधणाऱ्यांची घाई अधीरता म्हणून हिणवू नये. आठ कोटी पृष्ठे क्रमाने लावण्यास वर्षे लागतात, आणि वाट पाहणाऱ्या आईबापांचे वय थांबत नाही. शिस्त त्यांच्यासाठीच आहे, हे ज्याला विसर पडत नाही, त्याच्याच हातची सूची न्यायालयातही टिकते आणि घरातही वाचली जाते.