दोन वेळा जेवा, पण सकाळच्या गोळीचं काय?

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल असं होणं कठीण. दिवसातून दोनदाच जेवायचं, ते 55 मिनिटांच्या आत संपवायचं, मधल्या वेळात साखर घातलेलं काही नाही, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, असं दीक्षित स्वतःच सांगतात. आमच्या नांदगावात तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर 'बिनसाखरेचा' अशी ऑर्डर हल्ली सहज ऐकू येते. त्यामागे बऱ्याच अंशी हा सल्ला आहे, आणि तेवढ्यापुरता मला तो आवडतो. फुकट आहे, पावडरचे डबे विकत नाही, मराठीत आहे, कुणालाही एका दमात सांगता येतो.

पण संशोधनाच्या चष्म्यातून बघितलं तर त्यातला कोणता भाग टिकतो?

आधी 55 मिनिटं. सांगितलं जातं ते साधारण असं, की खायला सुरुवात केली की इन्सुलिनचं एक 'माप' पडतं, आणि 55 मिनिटांनंतर परत तोंड चालवलं तर दुसरं माप पडतं. ऐकायला छान, लक्षात राहायला त्याहून छान. शरीर मात्र असं मापटं घेऊन बसलेलं नसतं. जेवल्यावर पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा एक झटका येतो, मग रक्तातली साखर चढलेली असेपर्यंत ते स्रवत राहतं, आणि तुम्ही उपाशी असतानाही थोडं थोडं चालूच असतं. किती स्रवणार हे घड्याळापेक्षा ताटावर जास्त ठरतं. भाताचा डोंगर 40 मिनिटांत संपवला म्हणून तो टेकडी होत नाही.

दोन जेवणांच्या बाजूने पुरावा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. 2014 साली 'डायबेटोलॉजिया' या नियतकालिकात प्रागमधल्या संशोधकांचा अभ्यास आला. टाइप 2 मधुमेहाचे 54 रुग्ण, बारा आठवडे दिवसाला सहा छोटी खाणी, बारा आठवडे दोन मोठी जेवणं. उष्मांक दोन्हीकडे सारखेच, गरजेपेक्षा 500 ने कमी. सहा खाण्यांत सरासरी 2.3 किलो वजन उतरलं, दोन जेवणांत 3.7 किलो. उपाशीपोटीची साखरही दोन जेवणांत जास्त सुधारली. म्हणजे 'दर दोन तासांनी खा' म्हणणाऱ्यांना दीक्षितांनी दिलेलं उत्तर हवेतलं नाही.

आता बारकावा बघा. त्या अभ्यासातली दोन जेवणं होती सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. शेवटचा घास दुपारी चारच्या आत! आपल्याकडे दोन जेवणं म्हणजे दुपारी एक आणि रात्री नऊ. रात्री माशाची आमटी आणि भात सोडायला कोण तयार होणार, आणि सोडायचं तरी का, कारण अख्खं घर एकत्र बसतं तेव्हाच. मग कात्री लागते ती सकाळी दहाच्या पेजेला. प्रागचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही, तो या कारणाने. आणि ज्या घरात जूनमध्ये लावणीला सकाळी सातला चिखलात उतरतात, तिथे पेज म्हणजे मधल्या वेळचा चाळा नसतो. हा सल्ला खुर्चीत बसणाऱ्यासाठी बेतलेला आहे, आणि सांगताना ते कुणी सांगत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र पुढे आहे. गोळ्यांबद्दल.

आमच्या वाडीतल्या एका काकांनी दोन जेवणं सुरू केली. कुणालाही न विचारता, मोबाईलवर आलेला व्हिडिओ बघून. अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम, हातांना कापरं. काय घेतलं होतं विचारलं तर म्हणाले, "गोळी घेतलंय, पेज तेवडी बंद केलंय." गोळी होती ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असा प्रकार क्वचित होतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनची सुई चालू असेल तर जेवण गाळणं म्हणजे डोस वाढवण्यासारखंच.

दीक्षित स्वतः आधी रक्ताच्या तपासण्या करून घ्यायला सांगतात, हे खरं. पण सल्ला चार तोंडांतून गावात पोचेपर्यंत 'दोनदा' आणि '55' एवढंच उरतं. सल्ल्याची परीक्षा मी तरी त्या उरलेल्या भागावरच करते.

तुलनेला 2018 चा ब्रिटनमधला 'डायरेक्ट' अभ्यास घ्या. 'मधुमेह मुक्ती' म्हणताना हल्ली त्याचा हवाला सगळीकडे देतात. साधारण 850 उष्मांकांचा द्रव आहार काही महिने, आणि वर्षाअखेर 46 टक्के लोक औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली. मोठं यश. फक्त तिथे मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या, इन्सुलिनवरचे रुग्ण घेतलेच नव्हते, आणि सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता. आमच्या काकांचा पंधरा वर्षांचा.

तुमच्या घरी कुणाला हे सुरू करायचं असेल तर गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: "सकाळचं खाणं बंद केलं तर यातली कुठली गोळी कमी करायची, कुठली जेवणाच्या वेळेला सरकवायची?" पहिले काही दिवस ग्लुकोमीटर शेजाऱ्याचा मागून आणलात तरी चालेल, सुई मात्र दर वेळी नवी. साखर 70 च्या खाली दिसली, किंवा मीटर नाही पण घाम आणि कापरं आहे, तर 55 मिनिटांचा नियम बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, मग काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा.

काकांची गोळी डॉक्टरांनी आता निम्मी करून दुपारच्या जेवणाआधी दिली आहे. पेज बंदच आहे. काकू मात्र अजून दोन माणसांची पेज शिजवतात, कारण एका माणसाची पेज कशी शिजवायची, असं त्यांचं म्हणणं.