किल्ल्याची उपमा कुठे तोकडी पडते?

वनस्पती रोगजंतूंपासून स्वतःचे रक्षण कसे करतात, हे शिकवताना आपण सर्रास किल्ल्याची उपमा देतो. पेशीभित्तिका म्हणजे तटबंदी, रोगजंतू म्हणजे शत्रू. कल्याणच्या मुलांना तर दुर्गाडी परिचयाचाच. उपमा सोपी आहे. पण आमच्या मते ती अपुरी आहे, आणि तिच्यातून होणारा गैरसमज झाडांना भोवतो.

सुरुवात ठीक होते. अळवावर पाणी ठरत नाही, कारण पानावर मेणचट थर असतो. बहुतेक बुरशींच्या बीजाणूंना रुजायला ओलावा लागतो. तो टिकला नाही की त्यांचे काम अवघड होते. भाताच्या पानात सिलिका साठून बाह्यत्वचा टणक होते. हे झाले तयार तट. पण भातावरील करपा रोगाची बुरशी पानाला घट्ट चिकटून सुमारे ८० वातावरणांइतका दाब निर्माण करते आणि हा तट भेदते.

इथे उपमा अडखळते. किल्ल्याचा तट हल्ल्यापूर्वीच बांधलेला असतो. वनस्पती मात्र हल्ला सुरू झाल्यावरही नवा तट बांधते. बुरशी जिथे टोचते, नेमक्या तिथेच पेशी आतून कॅलोजचा थर चढवते. पर्णरंध्रेही कायम उघडी दारे नव्हेत. जीवाणूंची चाहूल लागताच ती मिटतात, हे २००६ साली अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीवरील प्रयोगांत दिसले.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पडलेला तट डागडुजीने पूर्ववत होतो. खोडाची जखम तशी भरून येत नाही. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे चिरून पाहिली आणि १९७७ साली मांडले, की झाड बिघडलेले लाकूड दुरुस्त करत नाही. त्याभोवती अडसर उभारून ते कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. जखम वरून झाकली जाते, आतला बिघाड तसाच राहतो.

ठाणे-डोंबिवलीच्या रस्त्यांवर फलकांसाठी झाडांना खिळे ठोकलेले दिसतात. ‘झाड काय, भरून काढेल’ हे उत्तरही ठरलेले! एखाद्या खिळ्याने झाड मरत नाही. पण प्रत्येक खिळा सालीचा तट फोडतो आणि नवा अडसर बांधण्याचा खर्च झाडावर टाकतो.

उपमा टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. शाळेजवळ फांदी छाटली गेली, तर तिचा आडवा छेद वर्गात आणा. काळवंडलेला भाग कुठे थांबला आहे ते मुलांना शोधू द्या, आणि मग विचारा: हा तट कोणी बांधला, आणि केव्हा?