कटासचे पाणी : स्थळ, संहिता आणि आख्यायिका

पाकिस्तानी पंजाबातील चकवाल जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत, कटासराज हा मंदिरसमूह एका नैसर्गिक कुंडाभोवती उभा आहे. ‘सतघरा’ या नावाने ओळखला जाणारा त्यातील जुना मंदिरगट साधारणपणे इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांतील मानला जातो व त्याच्या घडणीचे नाते काश्मीरच्या मंदिरवास्तूशी सांगितले जाते. लगत एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, शीख सरदार हरिसिंग नलवा याची हवेली आहे. एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या अलेक्झांडर कनिंगहॅमने पंजाबातील तीर्थांत ज्वालामुखीखालोखाल या स्थानाचे महत्त्व नोंदविले होते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने या समूहाची दखल घेतली गेली; त्याच्या आख्यायिकांकडे मात्र प्रवासवर्णनाचा मसाला म्हणूनच पाहण्यात आले. वस्तुतः स्थळ आणि संहिता यांच्या संबंधाचा एक मूलभूत प्रश्न या आख्यायिका उपस्थित करतात.

आख्यायिका मुख्यतः दोन. सतीच्या मृत्यूनंतर शिव इतका रडला की त्याच्या आसवांची दोन कुंडे झाली; एक कटासचे, दुसरे अजमेरजवळच्या पुष्करचे. ही पहिली. दुसरी अशी की, वनवासात पांडव येथे राहिले आणि यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच पाण्याच्या काठी. या दोन कथा शेजारी शेजारी सांगितल्या जातात आणि त्यांच्यातील विसंगती कोणाला खटकत नाही. आसवांचे पाणी आणि तहानेचे पाणी एकच कसे, हा प्रश्न श्रोता विचारीत नाही. समीक्षेने तो विचारावयास हवा.

‘कटास’ हे नाव ‘कटाक्ष’ या शब्दावरून आले, असे सांगून आसवांच्या कथेला आधार दिला जातो. ही व्युत्पत्ती टिकणारी नाही. कटाक्ष म्हणजे तिरपी नजर; संस्कृत काव्यात ती बहुधा नायिकेची असते आणि मराठीत तर या शब्दाला टोमण्याची धार आली आहे. पाझरणारे डोळे हा अर्थ त्यात कोठेच बसत नाही. तथापि लोकव्युत्पत्तीला चूक ठरवून बाजूला सारणे म्हणजे तिचे काम न ओळखणे होय. आधी पाणी होते, मग नाव आले. नावात डोळा सापडताच पाण्याला रडणाऱ्याचा शोध लागला. लोकव्युत्पत्ती ही नावाची एक वाचनपद्धती आहे.

सतीकथेच्या भूगोलात या आसवांचे स्थान मात्र विलक्षण आहे. शक्तिपीठांची परंपरा देवीच्या छिन्न देहावर उभी आहे. जेथे अवयव पडला तेथे पीठ झाले. बलुचिस्तानातील हिंगलाज हे याच मालिकेतील ठाणे. कटासला काहीही पडलेले नाही. येथे देवीचा देह नाही, तिच्यासाठी झालेला विलाप आहे. पुराणांतील शिव सतीवियोगाने क्रुद्ध होतो, यज्ञाचा विध्वंस करवितो, शव खांद्यावर घेऊन भटकतो. रुद्राक्षाच्या कथेतही त्याच्या डोळ्यांतून अश्रू येतात, पण तिचा संदर्भ निराळा आहे. पत्नीशोकाने डोळे ओले झालेला, काहीच न करू शकणारा शिव ही या स्थळाने जपलेली प्रतिमा म्हणावी लागेल. आणि ती एकतर्फी आहे. पुष्करला ब्रह्मदेवाच्या हातून पडलेल्या कमळाची कथा प्रधान आहे, त्या क्षेत्राला या दुसऱ्या डोळ्याची गरज भासत नाही. जोडी कटास सांगते. कारण जोडीची गरज कटासला आहे.

यक्षप्रश्नाच्या कथेत अडचण वेगळ्या प्रकारची आहे. महाभारताच्या आरण्यकपर्वात हा प्रसंग द्वैतवनाशी निगडित आहे. ब्राह्मणाची अरणी शिंगांत अडकवून हरिण पळते, त्याच्या पाठलागात दमलेले भाऊ पाणी शोधतात आणि निषेध न जुमानता पिऊन कोसळतात. मिठाच्या डोंगराचा तेथे उल्लेख नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी या पर्वाचे संपादन केले. हस्तलिखितांची तुलना करून प्रक्षेप वेगळे काढण्याची ही शिस्त भारतीय विद्येला मिळालेली मोठी देणगी आहे. पण ही शिस्त हस्तलिखितांपुरती आहे. स्थळाने धरलेला पाठ तिच्या पाठचिकित्सेत कोठेच नोंदला जात नाही, कारण तो लिहिलेला नसतो, दाखविलेला असतो: ‘हेच ते पाणी.’ संहितेचा अभ्यासक त्याला अनैतिहासिक म्हणेल आणि ते खरेही आहे. परंतु हा पाठ का निवडला गेला, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

बांधणारा विस्मरणात गेला की पांडव येतात, हे उत्तर नेहमीचे आहे. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी म्हणणाऱ्या महाराष्ट्राला ते सहज पटेल. तेवढ्याने भागत नाही. पांडवांची म्हणून दाखविता येण्यासारखी शेकडो प्रकरणे महाभारतात असताना नेमके यक्षाचेच येथे का रुजले? शिवाय भाऊ पाच आणि घरे सात, हा हिशेबही कोणी जुळविलेला दिसत नाही; कथेला मंदिरांपेक्षा कुंडाची ओढ अधिक आहे, हेच त्यावरून दिसते.

उत्तर डोंगराच्या नावातच आहे. खेवड्याची प्रसिद्ध मिठाची खाण याच रांगेत आहे, कल्लर कहारचे सरोवर खारे आहे. अशा मुलखात गोड्या पाण्याचा झरा ही साधी गोष्ट नव्हे. कल्लर कहारची आख्यायिका बाबा फरीद यांच्या नावावर सांगतात: त्यांनी पाणी मागितले, बायकांनी ते खारे आहे असे खोटेच सांगितले, संत ‘तसेच होवो’ म्हणाले आणि पाणी खारे झाले. कटासजवळच्या चोआ सैदन शाह या गावाच्या नावात ‘चोआ’ म्हणजे झरा, आणि तो सूफी संताच्या कृपेने फुटल्याची श्रद्धा आहे. या कथा यक्षप्रश्नाशेजारी ठेवल्या की एक समान कल्पनाबंध उघड होतो. पाण्याचा गुण उच्चाराने ठरतो. खोटे बोलले तर गोडे पाणी खारे होते; उत्तर न देता प्याले तर तेच पाणी मारते. एका कथेत बोलणारा मुसलमान फकीर आहे, दुसरीत बगळ्याच्या रूपातील धर्म. धर्माच्या सीमा येथे दुय्यम आहेत, पाण्याची टंचाई प्रथम आहे. डी. डी. कोसंबी यांनी मिथकाच्या मुळाशी भौतिक जीवन शोधण्याची जी दिशा दाखविली, तिचा प्रत्यय यावा असे हे उदाहरण आहे. मात्र टंचाईने कथा जन्माला घातली असे म्हणता येणार नाही. ती उपलब्ध होती, टंचाईने तिची निवड केली.

याच प्रकाशात शिवाची आसवेही निराळी दिसू लागतात. आसवे खारी असतात. कुंडाचे पाणी गोडे. खाऱ्या डोंगरात हा फरक ऐकणाऱ्याच्या जिभेला ठाऊक असणार. कथा तो उच्चारत नाही, आणि तिची ताकद बहुधा या न उच्चारण्यातच आहे.

नव्या आख्यायिकाही घडत आहेतच. अल्बेरुनी कटासला संस्कृत शिकला, असे अलीकडे वारंवार छापले जाते. त्याच्या स्वतःच्या लेखनातून निश्चित होते ते एवढेच की, पृथ्वीच्या आकाराचे मापन त्याने याच रांगेतील नंदना किल्ल्याजवळ केले. तेथून कटासपर्यंतचे अंतर आख्यायिकेने सहज ओलांडले. पांडवांच्या जागी पंडित आला, रचना तीच राहिली: थोर पुरुषाने येथे काही काळ घालविला. १९४७ नंतर परिसरातील हिंदू निघून गेले आणि कथा सांगणारे बदलले. पूर्वी त्या पुजारी सांगे. आता त्या माहितीफलकावर असतात, वृत्तपत्रात असतात, १९७४ च्या करारानुसार भारतातून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जथ्यांबरोबर परत येतात. सांगणाऱ्याचा आवाज गेला की आख्यायिका ‘माहिती’ होते. तिचे रूपांतर थांबते, आणि ‘मानले जाते’ हे क्रियापद तिला कायमचे चिकटते.

२०१७ साली कुंड आटल्याच्या बातम्यांवरून पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. परिसरातील सिमेंट कारखान्यांचा भूजल उपसा हा सुनावणीचा मुख्य विषय होता व २०१८ मध्ये त्यावर निकाल झाला. वार्ताहरांनी या निमित्ताने शिवाची आसवे आटल्याचे लिहिले. ते स्वाभाविक होते, तरी निवड चुकली. आसवांची कथा शोकाची आहे. आटलेल्या पाण्याविषयी ती हळहळण्यापलीकडे काही सांगू शकत नाही. दुसरी कथा हक्काची आहे. यक्षाचे पहिले वाक्य हे पाणी आधीपासून आपले असल्याचे आहे, प्रश्न त्यानंतरचे. न्यायालयासमोर प्रश्न नेमका तोच होता: हे पाणी आधी कोणाचे, आणि उत्तर दिल्यावाचून ते कोणी उपसले.