वृंदनायक झुबिन मेहता

मुंबईंत १९३६ सालीं जन्मलेले वृंदनायक झुबिन मेहता यांचें नांव निघालें, कीं पुष्कळांस १९९० सालचा रोम येथील जलसा आठवतो : प्राचीन स्नानगृहांचे अवशेष, तीन नामांकित गायक आणि टाळ्यांचा कडकडाट! परंतु मेहतांची खरी योग्यता ज्यास पारखावयाची असेल, त्यानें तो जलसा बाजूस ठेवून पुच्चीनीच्या ‘तूरांदोत’ या ऑपेराचें त्यांच्या नायकत्वाखालीं १९७२ सालीं लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह झालेलें मुद्रण ऐकावें, असें आम्हांस वाटतें.

वृंदनायक स्वतः एकही स्वर काढीत नाहीं. अनेक वादकांची लय, जोर व विराम एका हातांत राखणें हीच त्याची कला. ऑपेरांत तर गायकही त्याच्याच इशाऱ्यानें चालतात. आमच्या संगीत नाटकांत पदावर सत्ता नटाची. ‘वन्स मोअर’ झाला, कीं कथानक थांबलें. बालगंधर्वांच्या गायनाचें वैभव या स्वातंत्र्यांत फुललें, हें आम्ही विसरत नाहीं. पण नाटकाचा ओघ त्यापायीं तुटे, हेंही खरेंच.

‘तूरांदोत’च्या तिसऱ्या अंकांतील नायकाचें प्रसिद्ध गीत पुच्चीनीनें पुढील संगीतास जोडूनच लिहिलें आहे. रोमच्या जलशांत तें कथेपासून सुटलें. १९७२ च्या मुद्रणांत तें कथेच्या प्रवाहांतच राहतें. पावारोत्तीस स्वर फुलविण्यापुरती मोकळीक मिळते, पण लगाम सुटत नाहीं. पहिल्या अंकांतील पेकिंगच्या जमावाचा कल्लोळही ऐकावा. त्यांतील क्रौर्य अंगावर येतें.

मेहतांचा ओढा सूक्ष्मतेपेक्षां भव्यतेकडे अधिक, हा त्यांच्यावरील आक्षेप सर्वथा निराधार नाहीं. या कृतींत मात्र तोच गुण ठरला आहे.

ही शिस्त अकस्मात् आलेली नाहीं. वडील मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. म्हणजे वाद्यवृंद घरांतच होता. पुढें व्हिएन्नांत स्वारोव्स्की यांच्यापाशीं शिक्षण झालें. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क येथील वाद्यवृंद आणि १९९८ ते २००६ म्युनिक येथील ऑपेरागृह अशीं मोठमोठीं पदें त्यांनीं भूषविलीं.

पदांची यादी अभिमानास पुरते, रसिकतेस नाहीं. एका गीताच्या टाळ्यांवरून वृंदनायकाचें मोल ठरवूं नये. ऑपेराचे तिन्ही अंक सलग ऐकावे. त्याचें काम तेथेंच कळतें.