डायनॅमिक माइक खरोखरच गोंगाट गाळतो का? एका लोकप्रिय सल्ल्याचे परीक्षण

पॉडकास्ट किंवा व्हॉइस-ओव्हरसाठी कोणता माइक घ्यावा असे विचारले, तर आज बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: डायनॅमिक घ्या, तो बाहेरचा गोंगाट घेत नाही. दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये राहणाऱ्याला हे ऐकून हायसे वाटते. खाली हॉर्न, डोक्यावर पंखा, मे महिन्यात खिडकीला लावलेला कूलर. मुखर्जीनगरात किंवा जुन्या राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षांसाठी राहणारी मराठी मुले तर अनेकदा पार्टिशन घातलेल्या खोलीत राहतात. अशा खोलीतून काही ध्वनिमुद्रित करायचे म्हणून कोणी महिन्याच्या भाड्याहून महाग माइक घेणार असेल, तर हा सल्ला आधी तपासायला हवा. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग महाग पडतो.

डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकीय क्षेत्रात हलते. बारावीत शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनच हे. वेटोळ्याचे वजन पडद्याने वाहायचे असल्यामुळे अतिशय सूक्ष्म आणि उंच स्वरांना हा माइक कंडेन्सरपेक्षा जरा मंद प्रतिसाद देतो. त्याची संवेदनक्षमताही कमी असते. ‘गोंगाट घेत नाही’ या समजाचे मूळ इथे आहे. पण कमी संवेदनक्षमता तुमच्या आवाजालाही तेवढीच लागू होते. आवाज पुरेसा मोठा करण्यासाठी तुम्ही गेन वाढवता, तेव्हा कूलरही त्याच प्रमाणात वर येतो. माइकला आवाज आणि गोंगाट यांतला भेद कळत नाही. त्याला कळते ती दिशा आणि अंतर.

अंतराचा हिशेब सोपा आहे. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आलात, तर १२ डेसिबल मिळाले, आणि दूरचा कूलर मात्र होता तेवढाच राहिला. डायनॅमिक माइकची कीर्ती बरीचशी यातूनच आली आहे: लोक तो तोंडाजवळ धरतात आणि कंडेन्सर टेबलावर दूर ठेवतात. दोन्ही एकाच अंतरावर ठेवा, दोघांची दिशाक्षमताही सारखी असू द्या, म्हणजे फरक किती थोडा उरतो ते स्वतःच ऐकू येईल.

आता सर्वांत लाडके उदाहरण घेऊ, शुअर कंपनीचा एसएम७बी. मूळ एसएम७ हा १९७३ चा, सध्याचा बी प्रकार २००१ चा. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’चे गायन या घराण्यातल्या माइकवर झाले, हे दुकानदारही सांगतो. माइक उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो प्रसारणाच्या स्टुडिओसाठी घडवला होता. म्हणजे ज्या खोलीत भिंती ध्वनिशोषक आहेत आणि माइकच्या मागे दणकट अॅम्प्लिफायर आहे, तिथे. वर्षानुवर्षे मराठी बातम्या दिल्लीहून वाचल्या जात, त्या अशा स्टुडिओतून. भाड्याच्या खोलीतून नव्हे.

या माइकची संवेदनक्षमता १ पास्कलला सुमारे १.१२ मिलिव्होल्ट आहे. १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल. १० सेंटिमीटरवरचे साधे बोलणे ८० डेसिबलच्या आसपास धरले, तर ते १४ डेसिबलने, म्हणजे पाचपटीने कमी. हाती येतात जेमतेम ०.२२ मिलिव्होल्ट. त्यांचे कामापुरते व्होल्टेज व्हायला हजारपट वाढ, म्हणजे ६० डेसिबल गेन लागतो. स्वस्त इंटरफेस तिथवर पोचता पोचता धापा टाकतो, आणि ती धाप तुम्हाला सळसळ म्हणून ऐकू येते. २०२३ मध्ये कंपनीनेच आत अॅम्प्लिफायर बसवलेला एसएम७डीबी काढला. माइकच्या किमतीतच सगळे आले असे सांगणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

याच्या नेमके उलट टोक दिल्लीतच आहे. १९४० पासूनची अहुजा रेडिओज ही इथलीच कंपनी. महाराष्ट्रातला क्वचितच एखादा गणेशोत्सवाचा मंडप किंवा ग्रामसभा असेल, जिथे ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ या कंपनीच्या डायनॅमिक माइकवर झाले नसेल. ‘तो पॉडकास्टसाठी चालेल का’, या प्रश्नावर लोक नाक मुरडतात. मला ते अन्यायाचे वाटते. तो माइक कर्ण्यातून गर्दीपर्यंत शब्द पोचवण्यासाठी घडवला आहे. त्यामुळे त्यात आवाजाचा भरदारपणा कमी आणि शब्दांची धार जास्त मिळते. वर्गातल्या प्रकल्पासाठी, शिकण्यासाठी ही धार वाईट नाही, आणि किंमत एसएम७बीच्या दशांशातही बसते. खरी अडचण वायरची आहे. अशा माइकसोबत बहुधा दुसऱ्या टोकाला पी-३८ जॅक असलेली वायर येते. ती इंटरफेसच्या गिटारच्या इनपुटात खुपसली की आवाज क्षीण येतो, हम येतो, आणि दोष माइकला दिला जातो. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली वायर वेगळी घ्या. माइकवर बटण असेल, तर ते चालू करून वर चिकटपट्टी लावा.

या दोन टोकांच्या मध्ये १९६६ पासून चालत आलेला एसएम५८ आहे. संवेदनक्षमता १.८५ मिलिव्होल्ट, म्हणजे एसएम७बीपेक्षा चारेक डेसिबल जास्त. त्याची नक्कल इतकी होते की बिल आणि अधिकृत विक्रेता याशिवाय घेऊच नका. इंटरफेसच नसेल, तर सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स यांसारखा यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही असलेला माइक मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गेनचे गणित कंपनीने आतच जुळवलेले असते.

इंग्रजी आणि हिंदी परीक्षणांत एक गोष्ट सापडणार नाही, ती आपल्या भाषेची. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हेचे आहेत. ‘चार’ आणि ‘चारा’ म्हणून बघा. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हेही. चारा, चमचा, जहाज यांतला दंत्य घर्षणाचा भाग उंच वारंवारतांमध्ये असतो. माइक फार मंद असेल किंवा वर जाड फोम असेल, तर हा फरक पुसट होतो आणि ऐकणाऱ्याला उच्चार परका वाटतो. दुसरीकडे भ, फ, ध, घ यांचा श्वास माइकवर आदळून धप्प असा आवाज होतो. म्हणून माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, साधारण ४५ अंशांत ठेवा. जवळ धरल्याने खर्ज फुगतो, त्याला मर्यादा घालायची असेल तर पाचऐवजी दहा सेंटिमीटरवर बोला. (इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० हा दोष रचनेतच कमी करतो, पण त्याची किंमत विद्यार्थ्याची नाही.)

आता खोलीकडे. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा त्याची पाठ कूलरकडे करा. सुपरकार्डिऑइड असेल, तर बरोबर मागे नव्हे, मागच्या कोपऱ्याच्या दिशेने. माइकचे तोंड तुमच्याकडे, म्हणजे पर्यायाने तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे असते. त्या भिंतीवरून परतणारा आवाज तो बिनदिक्कत घेतो. थंडीची रजई दिल्लीत प्रत्येक खोलीत असते. ती माइकच्या मागे नाही, स्वतःच्या पाठीमागे टांगा. फरशीवर सतरंजी. मग खोली शांत झाली आणि काम एकट्याच्या व्हॉइस-ओव्हरचे असेल, तर डायनॅमिकचा आग्रहही धरू नका, कंडेन्सर ऐकून बघा.

खरेदीला जाताना लॅपटॉप, इंटरफेस आणि स्वतःचा हेडफोन सोबत न्या. दुकानदार ‘हॅलो’ म्हणायला सांगेल. तुम्ही ‘भाऊ चार वाजता चारा घेऊन धावत आला’ असे काहीतरी म्हणा, मग दहा सेकंद गप्प राहा आणि ती शांतता गेन वाढवून ऐका.