मठार : नक्षी की क्रिया?

पुण्याच्या तांबट आळीतील घंगाळांविषयी लिहिताना मठारास सर्रास ‘ठोक्यांची नक्षी’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग वरवर निरुपद्रवी वाटतो. तथापि त्यामागील कलाविचार सदोष आहे.

घंगाळाचा गोलावा हाताने कसा सिद्ध होतो हे पाहिले म्हणजे दोष ध्यानी येतो. तांब्याची सपाट चकती आधारावर धरून, वर्तुळाकार क्रमाने ठोके देत ती खोलगट करतात. ठोक्यांनी धातू कठीण होत जातो. तसाच ठोकीत राहिल्यास तडकण्याचे भय असते. म्हणून तो लाल होईतो तापवून नरम करावा लागतो. हे चक्र अनेकदा फिरते. आकार पुरा झाल्यावर येतो मठार : गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे, एकमेकांस लागून पडणारे ठोके. यानंतर भांडे पुन्हा लाल होईतो तापवीत नाहीत. त्यामुळे आलेले काठिण्य टिकून राहते व पत्रा सहजी चेपत नाही. झळाळी हे दुय्यम फल होय.

भाषेने हा भेद राखला आहे. अरबी ‘नक्श’पासून आलेली ‘नक्षी’ तयार पृष्ठावर काढली जाते; ‘मठार’ मात्र ‘मठारणे’ या क्रियेशी जडलेले नाम असून क्रिया आणि तिची खूण या दोहोंस लागू पडते. यंत्राच्या साच्याने उठविलेल्या एकसारख्या खळग्यांना नक्षी खुशाल म्हणावे; मठार म्हणू नये. दोहोंना एकच नाव दिले, की कारागिराचे श्रम जोखण्याचे मापच आपण गमावून बसतो.