‘आपण’ म्हणजे कोण?

हवामानबदल नेमका कुठे शिकायचा, असे माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले. उत्तर देण्याआधी मी अमिताव घोष यांचा २०१६ सालचा ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ हा ग्रंथ पुन्हा वाचला. घोष यांचा सवाल रास्त आहे. पृथ्वी तापते आहे, तरी गंभीर कादंबरी दिवाणखान्यातून बाहेर का पडत नाही? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या मुंबईविषयीची त्यांची पाने आजही अंगावर काटा आणतात. साम्राज्यशाहीलाही ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. आपल्याकडच्या पांढरपेशा पर्यावरणवाद्यांना हे क्वचितच जमले आहे.

माझा झगडा त्यांच्या ‘आपण’शी आहे. कोण आपण? आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाचा २०२२ चा अहवाल सांगतो, की घरगुती उपभोगातून होणाऱ्या जगाच्या उत्सर्जनात वरच्या १० टक्के कुटुंबांचा वाटा ३४ ते ४५ टक्के आहे. खालच्या निम्म्यांचा १३ ते १५ टक्के.

उद्योगवादाच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या गांधीजींना घोष आदराने साक्षीला बोलावतात. इथे मी थबकतो. ज्याच्या डोक्यावर मैल्याची पाटी, त्याने यंत्राचा कोणता त्याग करायचा? बाबासाहेबांनी १९४५ सालीच, काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात, याचे उत्तर दिले आहे: दोष यंत्राचा नव्हे, समाजरचनेचा, फुरसतीवाचून माणसाला संस्कृती नाही आणि फुरसत यंत्रामुळेच मिळते. म्हणून काही मी कोळशाची वकिली करणार नाही. औष्णिक केंद्राची राख कोणाच्या छपरावर बसते हे एकदा पाहिले की तो मोह सुटतो.

आणि मरीचझापी? १९७९ साली सुंदरबनातल्या या बेटावरून नामशूद्र निर्वासितांना राखीव जंगलाचे कारण सांगून पोलिसी बळाने हुसकावले गेले; माणसे मारली गेली. ‘द हंग्री टाइड’ या २००४ च्या कादंबरीत खुद्द घोष यांनीच हे आणले आहे. निसर्ग वाचवताना कोणाला बुडवले जाते, हा धागा या चिंतनाच्या मध्यभागी हवा होता. मग गंभीर साहित्याविषयीची त्यांची तक्रारही थोडी सैल झाली असती. दलित आत्मकथनांत दुष्काळ आहे, पाणी आहे, भूक आहे. समीक्षकांनी त्याला पर्यावरण म्हटले नाही, एवढेच.

विद्यार्थ्याला मी घोष यांचा ग्रंथ दिला, आयपीसीसीच्या अहवालाचा सारांश दिला, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या त्याच्या आजीकडे पाठवले. तो वही भरून घेऊन आला. पाऊस किती पडला नाही, हे तिने सांगितलेच नव्हते. पहिल्या पानावर सुकडी होती, लाल मिलो होता, आणि कामावरच्या विहिरीशी आमच्या बायकांच्या घागरीत पाणी वरून कोण ओतायचे, त्याचे नाव होते.